टाके सांभाळायला काय घ्यावे: कोन, सूट की डोनट?

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली कुत्री बहुधा त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येते आणि पुढचे १० ते १४ दिवस, म्हणजे टाके निघेपर्यंत, तिची जीभ पोटावरच्या जखमेपासून दूर ठेवण्याचे काम घरच्यांवर येऊन पडते. चाटल्याने जखम लवकर भरते, हा आपल्याकडचा जुना समज येथे घातक ठरतो. लाळेत जंतुनाशक गुण थोडेफार असले तरी कुत्र्याच्या तोंडात जंतूंचीही कमतरता नसते. शिवाय चाटल्याने जखम ओली राहते आणि पुढच्या बारीक दातांनी टाका उसवायला काही क्षण पुरतात. हे टाळण्यासाठी गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा कोन, अंगात घालायचा कापडी रिकव्हरी सूट आणि गळ्याभोवती बसवायचा, हवा भरून फुगवायचा डोनट अशी तीन साधने सर्रास वापरली जातात. त्यांतून निवड करताना बहुतेक जण कुत्रीच्या केविलवाण्या चेहऱ्याकडे पाहून निर्णय घेतात. माझ्या मते आधी जखम कोठे आहे आणि तोंड तिथवर पोहोचते का, एवढेच पाहावे.

कोनाची खरी ताकद अशी की पोट, पाय, कान, डोळा, यांपैकी जखम कोठेही असली तरी तो चालतो. मात्र तो मापाचा हवा. त्याची कड नाकाच्या टोकाच्या दोन-तीन बोटे पुढे आली पाहिजे आणि गळ्याशी दोन बोटे सहज शिरतील इतकीच सैल जागा राहिली पाहिजे. कड आखूड असेल तर कुत्री अंग वळवून जखम गाठतेच, आणि मग कोन असून नसल्यासारखा. पगसारख्या जाड मानेच्या जातींत तो डोक्यावरून निसटतो, म्हणून तो नेहमीच्या पट्ट्यात ओवून घ्यावा लागतो. त्याचा त्रास होतो, हेही खरेच आहे. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भाग घेतलेल्या ४३४ पाळकांपैकी सुमारे ७७ टक्के जणांनी, कोन घातलेल्या काळात प्राण्याचे जगणे खालावल्याचे सांगितले. पाणी पिणे आणि खेळणे अवघड होणे या त्यातल्या ठळक तक्रारी होत्या. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, चपलांच्या रॅकला आणि दारांच्या चौकटींना धडकत फिरणारी कुत्री पाहिली की हे आकडे वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. कोनाच्या तोंडापेक्षा अरुंद भांडे थोड्या उंचीवर ठेवले, किंवा जेवणापुरता कोन काढून कोणीतरी शेजारी बसून राहिले, तर यातला बराच त्रास कमी होतो.

सूट पोटाच्या जखमेसाठी उत्तम आहे. कुत्री त्यात मोकळेपणाने खाते, पिते, कुशीवर झोपते आणि घरात वावरते. पण त्याची जबाबदारी पाळकावर जास्त पडते. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात कापड दमट राहते आणि दमट कापडाखाली जखम चिघळू शकते, त्यामुळे किमान दोन सूट हवेत आणि दिवसातून दोनदा तो उघडून टाके पाहायलाच हवेत. लघवीला नेताना मागची बाजू सोडून गुंडाळावी लागते. नराच्या बाबतीत तर हे इतके कटकटीचे होते की त्याच्यासाठी मी सूट सुचवणार नाही. जुन्या टी-शर्टला कमरेवर गाठ मारून काम भागवणारेही पुष्कळ आहेत. एखाद्या रात्रीपुरते ते ठीक आहे, परंतु तो वर सरकतो. आणि कापड चावणाऱ्या कुत्रीला सूट म्हणजे केवळ नवे खेळणे.

डोनटबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. तो दिसायला सुखकर असतो, पण लांब तोंडाची, सडपातळ, लवचिक अंगाची आपली देशी कुत्री त्याच्या कडेवरून मान काढून पोटापर्यंत सहज पोहोचते. पंजा आणि शेपटी तर आणखीच सोपी. छाती किंवा मानेजवळच्या बाजूची जखम असेल तर त्याचा विचार करावा.

तेव्हा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी दिवसभर कोणी असेल तर दिवसा सूट आणि रात्री कोन ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते. सगळे नोकरीला जाणारे असतील तर फक्त कोन. कोणतेही साधन घालून कुत्री सतत कण्हत किंवा जखमेकडे वळत असेल तर साधन सैल करण्याआधी डॉक्टरांना वेदनेच्या औषधाबद्दल विचारावे. घरातले ब्रुफेन मात्र चुकूनही देऊ नये, कारण त्यातील आयबुप्रोफेनमुळे कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. जखमेतून पू आला, वास येऊ लागला किंवा कडा उघडल्या तर त्याच दिवशी दाखवावे.

काही डॉक्टर आतल्या बाजूने विरघळणारे टाके घालतात आणि बाहेर धागा दिसत नाही, म्हणून चार-पाच दिवसांत कोन काढून ठेवला जातो. पण त्वचा जुळायला तेच १० ते १४ दिवस लागतात, आणि जखम भरताना खाजही या चार-पाच दिवसांच्या सुमारासच सुटते. अशा वेळी कोन कधी काढायचा हे डॉक्टरांनी जखम तपासून सांगितल्यावरच ठरवावे.