मागवली मुक्ती, आली तडजोड

चित्राला चार तारे, विकणाऱ्याला दीड. दीडसुद्धा पुठ्ठ्याची नळी मजबूत होती म्हणून.

मी धरणगावचा. एकतीस वर्षं जिनिंगमध्ये मुनीमकी केली, आता घरीच असतो. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, तिकडच्या काळ्या गुलामांना त्यांनी मोकळं केलं म्हणून. ते वाचल्यापासून गुलामगिरी रद्द करण्याच्या चर्चेचं एखादं चित्र बैठकीत असावं असं मनात होतं. एका ऑनलाइन दुकानात दिसलं: ‘गुलामगिरी रद्द करणारी ऐतिहासिक चर्चा, जुन्या चित्राची प्रत’. पोराने मोबाइलवरून मागवलं. २४ बाय ३६ इंच, साडेअकराशे रुपये.

आठव्या दिवशी आलं. पलंगावर पसरलं, कागद गुंडाळी सोडेना म्हणून चार कोपऱ्यांवर मसाल्याचे चार डबे ठेवले. खाली इंग्रजीत नाव: ‘युनायटेड स्टेट्स सिनेट, इ.स. १८५०’. आता गुलामगिरी घटनादुरुस्तीने गेली ती १८६५ च्या डिसेंबरात. पंधरा वर्षांची तफावत मुनिमाच्या नजरेतून सुटते होय?

हे चित्र निघालं सिनेटर हेन्री क्लेने गुलामगिरीवरून भांडणाऱ्या उत्तर आणि दक्षिणेपुढे मांडलेल्या तडजोडीचं. जमाखर्च मांडून बघितला. कॅलिफोर्निया गुलामांविना राज्य झालं. राजधानीत गुलामांचा बाजार बंद, गुलामगिरी मात्र चालूच. टेक्ससने हद्दीवरचा हक्क सोडला, त्याचे एक कोटी डॉलर. आणि दक्षिणेतल्या मालकांच्या पदरात काय, तर पळालेला गुलाम धरून आणायचा कडक कायदा. त्यात निकाल देणाऱ्या कमिशनरची फी अशी: माणूस मालकाचा ठरवला तर १० डॉलर, सोडून दिला तर ५. धरलेल्याला स्वतःची साक्षही देता येत नव्हती. हमाली, तोलाई, दलाली लिहिण्यात माझा जन्म गेला, पण एकाच कामाचे असे दोन दर कुठल्या वहीत पाहिले नाहीत.

परत करायला निघालो. दुकानाचं उत्तर आलं, ‘छपाईत दोष नसल्यास माल परत घेतला जात नाही.’ दोष छपाईत नव्हताच, त्यांच्या वर्णनात होता. दोनदा लिहिलं, दोनदा तेच उत्तर. राहिलं घरात.

आणि राहिलं ते बरं झालं. मूळ चित्र पीटर रॉथरमेलचं, त्यावरून रॉबर्ट व्हाइटचर्चने कोरलेलं, फिलाडेल्फियात १८५५ साली छापलेलं. मध्ये क्ले हात पुढे करून उभा, वय बहात्तर. डावीकडे तडजोडीच्या बाजूचा सिनेटर वेबस्टर डोकं हातावर टेकून बसलाय, पोळ्याला बैलाचा सौदा फिसकटल्यासारखा. सभेच्या अध्यक्षांच्या खुर्चीजवळ कॅलहून उभा, तडजोडीच्या विरोधातला दक्षिणेचा सिनेटर. तो इतका आजारी होता की मार्चमध्ये त्याचं भाषण दुसऱ्याने वाचलं आणि महिनाअखेर तो गेलाच. चित्र छापून बाजारात आलं तेव्हा तिघंही वारलेले, आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट करून देणाऱ्या १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने तडजोडीतून आलेली शांतताही मोडीत निघालेली. सोयरीक तुटल्यावर लग्नाचा फोटो फ्रेम करावा, तसला प्रकार. मला तर याच गोष्टीसाठी ते आवडतं.

छपाई पुढच्या रांगांत छान, चेहऱ्यावरच्या रेषा भिंगाने मोजता येतात. मागच्या रांगांत मात्र शाई बसून कोटांचे काळे गोळे झालेत. अर्धा तारा तिथे कापला. लहान आकार घेऊच नका, तोंडं ओळखू येणार नाहीत. कोण कुठे बसलंय याचा तक्ता सोबत नाही, तो द्यायला हवा होता. उरलेला अर्धा तिथे.

आमची माय नव्वदीची. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली नि म्हणाली, “ज्यासनी गोट चालू शे, त्या कोठे शेतस?” मी सगळं चित्र पुन्हा तपासलं. गॅलरीत बाया आहेत, पुढारी आहेत. ज्यांची गोष्ट चाललीय ते गुलाम मात्र कुठेच नाहीत.

आणि कापूस? तिकडचा कापूस त्याच लोकांच्या हाताने वेचलेला. पुढे १८६१ ला अमेरिकेत उत्तर-दक्षिण लढाई पेटली, तो माल इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा आपल्या खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला लढाई संपली आणि भाव बसला. म्हणून बैठकीत हे चित्र आता कापसाच्या जुन्या तराजूशेजारी लावलंय.

फ्रेम जळगावात करून घेतली. फ्रेमवाल्याने आधी विचारलं, “काका, कूलर कोणत्या भिंतीकडे तोंड करून असतो?” दमट हवेने मे महिन्यात कागद लाटा मारतो म्हणे. त्याने काच आणि कागद यांत माउंटची फट ठेवली, मागून हार्डबोर्ड आणि कडेने टेप. काळी साधी पट्टी, नक्षी नको म्हणाला, “एवढी माणसं आहेत आत, अजून गर्दी कशाला?” बाराशे घेतले, चित्रापेक्षा पन्नास जास्त. त्याला पाचच्या पाच तारे.