धंतोलीतील पेट-सीटी केंद्र: वडिलांच्या तपासणीचा अनुभव

वडिलांच्या उजव्या फुप्फुसातील गाठ कर्करोगाची असल्याचे बायोप्सीत ठरले होते. शस्त्रक्रिया करता येईल का, हे मात्र रोग छातीतील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला आहे का यावर अवलंबून होते. साध्या सीटीत काही ग्रंथींचा लहान व्यास 10 मिलिमीटरपेक्षा जास्त आला होता; पण ग्रंथी नुसत्या सुजेनेही वाढते आणि लहान ग्रंथीतही रोग असू शकतो, म्हणून नागपूरच्या धंतोलीतील या केंद्रात पेट-सीटी करून घेतले. यात ग्लुकोजसारखे किरणोत्सारी औषध टोचतात आणि ते जास्त घेणाऱ्या पेशी चित्रात उजळ दिसतात.

आदल्या दिवशी फोन करून त्यांनी सहा तास उपाशी राहण्यास सांगितले, मधुमेहाच्या गोळ्यांची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी रक्तातील साखर पाहूनच इंजेक्शन दिले. वेळेबाबत मात्र माझी तक्रार आहे. नऊची वेळ देऊन इंजेक्शन साडेअकराला मिळाले. त्या औषधातील किरणोत्सारी फ्लोरिन सुमारे 110 मिनिटांत निम्मे होते, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही, हे मला मान्य आहे. तरीही उपाशी बसलेल्या वृद्ध माणसाला उशिराचे कारण कोणीतरी सांगायला हवे होते.

अहवाल मात्र अतिशय जबाबदारीने लिहिलेला होता. डॉक्टरांनी वडिलांना आधीच कामाविषयी विचारले होते. त्यांची सारी नोकरी उमरेडकडील कोळसा खाणीत झाली. ग्रंथी छातीच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच उजळल्या होत्या. हा उजाळा कर्करोगाचा मानला असता, तर विरुद्ध बाजूच्या ग्रंथींमुळे रोग एन-3, म्हणजे ग्रंथींतील प्रसाराच्या सर्वांत पुढच्या पायरीचा, ठरला असता आणि शस्त्रक्रियेचा विचार तिथेच संपला असता. अहवालात प्रत्येक ग्रंथीचे स्थान, माप आणि उजाळ्याची तीव्रता स्वतंत्रपणे नोंदवून, जुना क्षय किंवा कोळशाची धूळ यांमुळेही असे दिसू शकते, तेव्हा नमुना तपासल्याशिवाय टप्पा ठरवू नये, असे स्पष्ट लिहिले होते. आपल्या विदर्भात, जिथे क्षय आणि खाणी दोन्ही आहेत, ही एक ओळ फार मोलाची आहे.

त्यानुसार श्वासनलिकेतून दुर्बीण घालून सुईने नमुने घेण्यात आले. त्यांत काळी धूळ सापडली, कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत. शस्त्रक्रियेची तारीख आता ठरली आहे.

मेंदू एरवीही भरपूर ग्लुकोज घेतो, त्यामुळे तेथील लहान गाठी या तपासणीत निसटू शकतात. त्यासाठी एमआरआय वेगळा करावा, हेही त्यांनी आपणहून सांगितले. जाणाऱ्यांनी जुन्या सीटीची सीडी बरोबर न्यावी, आमची त्यांनी शेजारी लावून पाहिली.