छोटा हत्ती, पिकअप की डबल कॅब? बडोद्यातील खरेदीदारासाठी एक तुलना

धंद्यासाठी मालवाहू गाडी घ्यायची म्हटली की बडोद्यात तीन प्रकार समोर येतात. पहिला प्रकार टाटा एस किंवा मारुती सुपर कॅरी यांसारख्या छोट्या गाडीचा. टाटाची ही गाडी २००५ मध्ये आली आणि ‘छोटा हत्ती’ हे नाव पुढे या सगळ्याच वर्गाला चिकटले. दुसरा महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा इंट्रा किंवा अशोक लेलँड दोस्त अशा एक ते दीड टनाच्या आसपास माल नेणाऱ्या मधल्या गाडीचा. तिसरा इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स या चार दारांच्या डबल कॅबचा. किमतीवरून तुलना सुरू केली की निर्णय चुकण्याचा संभव फार असतो, कारण या तीन गाड्या एकाच कामासाठी बनलेल्याच नाहीत. म्हणून खरेदीदाराने आपल्या नेहमीच्या मालाचे वजन, लांबी आणि ओल या तीन गोष्टी आधी कागदावर लिहून काढाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वजन आणि लांबीची चौकशी सगळेच करतात; ओलीची कोणी करत नाही, आणि गाडीचे आयुष्य पुष्कळदा तीच ठरवते.

लांबीची कसोटी म्हणून प्लायवुडची आठ बाय चार फुटांची शीट घ्यावी. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सव्वासात फूट लांब असतो. शीट आडवी सपाट बसते, पण पाऊणएक फूट बाहेर राहते आणि मागचा फाळका साखळीवर उघडा ठेवावा लागतो. इंट्रा व्ही ३० चा हौदा पावणेनऊ फुटांच्या जवळ जातो, त्यामुळे तीच शीट आत ठेवून फाळका बंद करता येतो. डबल कॅबमध्ये मात्र हौदा जेमतेम पाच फूट उरतो आणि मागच्या चाकांचे उंचवटे आत आलेले असल्याने त्यांच्यामधली जागा चार फुटांपेक्षा कमी भरते. शीट तळाला टेकतच नाही. सुतारकाम, ॲल्युमिनियमच्या खिडक्या किंवा मंडपाचे सामान ज्यांचे नेहमीचे आहे, त्यांनी डबल कॅबचा विचार इथेच सोडून द्यावा.

वजनाचा हिशेबही याच शीटवर करता येतो. अठरा मिलिमीटर जाडीची एक शीट ३५ ते ४० किलो भरते, म्हणजे वीस शीट झाल्या की ७५० किलोंच्या आसपासची छोट्या हत्तीची क्षमता संपली. इंट्रा व्ही ३० ला १३०० किलो चालतात आणि बोलेरो पिकअपचे काही प्रकार त्याहूनही पुढे जातात. व्ही-क्रॉस आणि हायलक्स दिसायला सर्वांत दांडग्या; पण पाच माणसांची जागा आणि जड केबिन यांमुळे त्यांची नोंदलेली वहनक्षमता बोलेरो पिकअपच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. हे पुष्कळांना खरे वाटत नाही, म्हणून आरसी बुकातील रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन यांची वजाबाकी स्वतः करून पाहावी.

माल जुन्या शहरात पोहोचवायचा असेल, तर मात्र छोट्या हत्तीला तोड नाही. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी आणि त्यांच्या आतल्या पोळी, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या वस्त्या, किंवा सकाळच्या गर्दीतले खंडेराव मार्केट, इथे ३.८ मीटर लांबीची आणि ४.३ मीटर त्रिज्येत वळणारी गाडी जे काम करते, ते सव्वापाच मीटरहून लांब हायलक्सला करता येणार नाही. बोलेरो पिकअपलाही दोनदा मागेपुढे करावे लागते. आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांचा धंदा केटरिंगचा, फराळाचा किंवा छपाईचा आहे आणि त्यांचा माल याच गल्ल्यांतून फिरतो. त्यांना मी निःसंकोच छोटी गाडीच सुचवीन. उलट रोज पादरा, सावली किंवा हालोलपर्यंत जाणे-येणे असेल, तर मधल्या वर्गाकडे वळावे. छोट्या गाडीत इंजिन आसनाखाली असते; लांबच्या प्रवासात त्याची उष्णता आणि आवाज केबिनमध्ये जाणवतो आणि चालकाच्या पायांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही नसते. बोलेरो पिकअपचे इंजिन पुढे नाकात आहे. अपघाताच्या दृष्टीने हा फरक मला फार मोलाचा वाटतो, विशेषतः गाडी घरचाच मुलगा चालवणार असेल तेव्हा.

इंधनाचा निर्णय त्यामानाने सोपा आहे. शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांनी सीएनजी घ्यावे. टाकीचे वजन क्षमतेतून वजा होते, हे तेवढे लक्षात ठेवावे: सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो नेते, सीएनजीवर ६२५. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणीही करून घ्यावी लागते. बीएस ६ या प्रदूषण-निकषाच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो स्वतःहून साफ होण्यासाठी गाडी काही काळ सलग वेगात चालावी लागते, त्यामुळे दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो.

कागदपत्रांतला एक फरक पैशाइतकाच महत्त्वाचा आहे. एकूण वजन ३००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. छोटा हत्ती या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे; मधल्या वर्गातील काही गाड्या आत बसतात, काही थोडक्यात बाहेर राहतात, म्हणून प्रकार निवडतानाच हा आकडा विचारावा. परवान्याची काळजी नको: हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. डबल कॅब सहसा पांढऱ्या नंबरपट्टीवर, खासगी म्हणून नोंदली जाते. तिच्यातून भाड्याने दुसऱ्याचा माल नेता येत नाही. शेतावर माणसे, पंप आणि अवजारे एकत्र न्यायची असतील, वाट चिखलाची असेल आणि सुट्टीत तीच गाडी कुटुंबासाठी हवी असेल, तर डबल कॅब उत्तम. केवळ मालासाठी मधल्या पिकअपच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्याचे काही कारण मला दिसत नाही.

आता गंजाविषयी, आणि हे सविस्तर सांगायला हवे. लोखंडाला गंज लागायला पाणी आणि हवा पुरते. मीठ मिसळले की त्याचा वेग कितीतरी वाढतो. बडोदा समुद्रकाठी नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण जंबुसर-दहेजकडची मिठागरे आणि नंदेसरीचे रासायनिक कारखाने आपल्या गाड्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत. शेतीमालाच्या गाडीतून पोटॅश जाते, ते रासायनिकदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचेच भावंड. फाटक्या गोणीतून ते हौद्याच्या कोपऱ्यात सांडते, हवेतली ओल शोषते आणि पत्र्याच्या सांध्यात उतरते. मासळीच्या बर्फाचे पाणी आणि ओल्या भाजीखालचा पाला हेच काम थोडे सावकाश करतात.

महाग गाडी गंजत नाही, हा समजही खरा नाही. अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे टोयोटाच्याच टॅकोमा पिकअपच्या चासी इतक्या गंजल्या, की सामूहिक दाव्यात २०१६ मध्ये तडजोड करून कंपनीने त्या तपासण्याचे आणि आवश्यक तिथे बदलून देण्याचे मान्य केले. हायलक्स ही वेगळी गाडी आहे आणि आपल्या रस्त्यांवर मीठ पडत नाही. पण चासीच्या पोकळीत खारट चिखल साचू दिला, तर तो गाडीचे नाव पाहून थांबत नाही.

तिन्ही वर्गांत गंजाची जागा वेगवेगळी असते. डबल कॅबचा हौदा कारखान्यातच रंगाच्या टाकीत बुडवून निघतो, म्हणून तो बराच काळ टिकतो. तिथे चाकांच्या कमानी आणि चासी पाहावी. छोट्या हत्तीत तळाचा पत्रा आणि फाळक्याच्या बिजागऱ्या आधी जातात. मधल्या वर्गात पुष्कळ लोक नुसती चासी आणि केबिन घेऊन हौदा स्थानिक कारागिराकडून बांधून घेतात. असा हौदा मजबूत होतो, पण वेल्डिंग करताना सांध्याच्या आतल्या बाजूचा रंग जळून जातो आणि तिथे पुन्हा ब्रश पोहोचत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर तांबूस ओघळ उतरतो तो नेमका तिथूनच. हौदा बांधून घ्यायचाच असेल, तर रंग चढवण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावे, प्रत्येक सांध्यावर रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक अस्तर, लागले आहे याची खात्री करावी आणि पाणी जाण्यासाठी तळाला भोके ठेवायला सांगावीत. तळावर ॲल्युमिनियमचा नक्षीदार पत्रा स्क्रूने ठोकून घेण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही: दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकते, आणि दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांतला एक जोराने झिजू लागतो. त्यापेक्षा उचलून धुता येईल अशी जाड रबरी चटई टाकावी.

देखभाल फार खर्चाची नाही. खत, मीठ किंवा मासळी उतरवली की त्याच दिवशी हौदा आणि चासीची आतली बाजू गोड्या पाण्याने धुवावी. बोअरचे पाणी खारट असेल तर शेवटचा हात तरी नळाच्या पाण्याचा द्यावा. ओल्या हौद्यावर ताडपत्री ताणून ठेवू नये. पावसाळ्यापूर्वी खालून जळके तेल फवारण्याची जुनी रीत आहे, पण तेलाने रबरी बुश फुगतात आणि धूळ चिकटून बसते. मेणासारखे लेपन पोकळीत मारून घेणे अधिक बरे, मात्र आधी गंज घासून काढावा. गंजावर लेप दिला तर तो आतून वाढतच राहतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी ही तपासणी दुप्पट काळजीने करावी. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात शहरातल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि त्यांतल्या काही रंगरंगोटी करून बाजारात आलेल्या असू शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते; आसनाच्या रुळांचे बोल्ट पाहावेत. नंबरपट्टी जीजे १६ ची, म्हणजे भरूचची असेल, तर गाडी कोणत्या कामावर होती हे विचारावे. नंतर ती गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेऊन मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट जिथे चासीला जोडले आहे तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. आवाज बद आला किंवा पापुद्रे गळाले, तर टोक दाबून पाहावे, आणि ते आत शिरले तर सौदा तिथेच सोडावा. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यामुळे कुजलेल्या चासीचा खर्च फार दिवस लांबणीवर टाकता येत नाही. ही पाहणी टोकन देण्यापूर्वी, दिवसाउजेडी आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिकसमोर व्हावी; विकणारा गाडी खड्ड्यावर घ्यायला तयार नसेल, तर दुसरी गाडी पाहावी.