चिलिका-सातकोशिया पक्षीसहल: आमचे ८४,००० गेले, तुम्ही सावध राहा

आम्ही चौघे, मुंबईचे. ठरलं होतं ते असं: ओडिशात महानदीवर सातकोशियाच्या घळईत दोन रात्री, मग चिलिका सरोवराकाठचं पाणथळ मंगलाजोडी, शेवटी सरोवरातलं पक्ष्यांचं बेट नलबण. माणशी ३१,५००. भरले किती? १२ नोव्हेंबरला २०,०००, ५ डिसेंबरला ४६,०००, आणि २८ डिसेंबरला 'पक्षी छायाचित्रण परवान्या'चे माणशी ४,५००, म्हणजे १८,०००. एकूण ८४,०००. जानेवारीत कोणार्क एक्स्प्रेसने भुवनेश्वरला उतरलो. गाडी नाही, फोन बंद, सातकोशियाच्या कॅम्पवर आमच्या नावाची नोंदच नाही. पुढचं सांगायला नको.

आम्ही डोळे मिटून पैसे दिलेले नाहीत. सहल ठरवणाऱ्या याच एजंटाने आदल्या वर्षी भिगवणची सहल माणशी २,८०० मध्ये चोख करून दिली होती. भांडुप पंपिंग स्टेशनला, म्हणजे मुंबईतल्या पक्षीनिरीक्षकांच्या नेहमीच्या जागी, दर हिवाळ्यात दिसणारा माणूस. विश्वास ठेवायला एवढं कुणालाही पुरलं असतं.

पण एक ओळ नजरेखालून गेली, त्याने अजून जीव जळतो. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, 'मंगलाजोडी, मोटरबोट सफारी, ३ तास'. अहो, मंगलाजोडीत मोटरबोट नसते! पाणी उथळ, गवत दाट, पंखा लगेच अडकेल. नावाडी लांब बांबू चिखलात रोवून होडी ढकलतो, आवाज जवळजवळ नाहीच, म्हणून तर शेकाटे आणि गॉडविटसारखे पाणपक्षी होडीच्या अगदी जवळ चरत राहतात. मोटरबोट असते ती बरकुल, बालुगावहून नलबणच्या बाजूला. हे आम्हाला माहीत होतं. वाचलं, आणि टायपिंगची चूक समजून पुढे गेलो. ज्याने ती जागा पाहिली आहे तो अशी चूक करत नाही.

होड्यांचे पैसे मंगलाजोडीत धक्क्यावरच देतात. 'परवाना' म्हणून कुणी आगाऊ मागितले तर फोन ठेवा.

पैसे भरताना एजंटाचा क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्याशा मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं. नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका. सातकोशियाचा कॅम्प ओडिशा वनविभागाच्या निसर्ग पर्यटनाच्या संकेतस्थळावर स्वतः आरक्षित करा. एजंटामार्फत केलात तर पावतीवर तुमचं नाव बघा आणि उरलेली रक्कम देण्याआधी कॅम्पवर फोन लावा. आम्ही लावला नाही.

आता तक्रारीचं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर भुवनेश्वर स्टेशनातूनच फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे तोवर खात्यातून निघून गेलेले. ही हेल्पलाइन पहिल्या काही तासांत सर्वात उपयोगाची, दिवस गेले की फारसं काही हाती लागत नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात चार फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा 'ओडिशात जा'. दुसऱ्यांदा 'हा दिवाणी मामला आहे'. तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्तावर. चौथ्यांदा साध्या कागदावर अर्ज घेतला, शिक्का मागितला तर चिडले. पैसे मुंबईतून गेले, माणूस मुंबईचा, ओडिशात जाऊन काय करायचं? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवून घ्यावी लागते. हे सांगितलं तर उत्तर आलं, 'कायदा आम्हाला शिकवू नका'. त्याच कलमाच्या आधारे पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टाने अर्ज पाठवला आहे. उत्तर नाही. व्यवहारांचे स्क्रीनशॉट, यूटीआर क्रमांक (प्रत्येक बँक व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक) आणि चॅट पहिल्याच दिवशी प्रिंट करून ठेवा. एजंटाने सगळे मेसेज नंतर पुसले.

गेल्या आठवड्यापासून तीच कार्यक्रमपत्रिका नव्या नंबरवरून फिरते आहे, माणशी २९,९९९. मंगलाजोडीची मोटरबोट त्यात तशीच आहे.