ऑइल ‘डांबर झालंय’ सांगून बदलायला लावलं: सांगलीतल्या गॅरेजचा अनुभव

डिझेल गाडीवाल्यांनी हे नक्की वाचावं. गॅरेजमधला पोरगा बॉनेट उघडतो, ऑइलची पट्टी ओढून काढतो, पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टेकवतो आणि टिश्यू आपल्या नाकासमोर धरतो. थेंब काळाकुट्ट. “सर, डांबर झालंय बघा. असंच पळवलं तर बेअरिंग धरंल, मग हाफ इंजिनचं काम निघंल.” सांगलीत हा प्रयोग माझ्यावर झाला आणि त्यापायी सहा हजारांच्या वर बिल झालं. गॅरेजचं नाव देत नाही, कारण हा टिश्यू एकाच गॅरेजात वापरतात असं मला वाटत नाही.

मी गेलो होतो एसीचं कूलिंग कमी झालं म्हणून. आधीचं ऑइल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बदललेलं होतं. त्यानंतर गाडी पाच हजार किलोमीटरही पुरती चालली नव्हती आणि वर्ष व्हायला बराच अवकाश होता. तसं मी म्हटलं, तर मेस्त्री हसले. “दहा हजार ते पुस्तकात, सर. आपल्याकडची धूळ बघा, रस्ते बघा. इथं पाचलाच बदलायचं.” या बोलण्यात थोडं खरं असतं, म्हणून तर ते खपतं. त्याकडे पुढे येतो.

संध्याकाळी बिल हातात आलं. फुल्ली सिंथेटिक ऑइल ५ लिटर, ऑइल फिल्टर, इंजिन फ्लश (इंजिन आतून धुवायचं द्रव्य), ड्रेन वॉशर, लेबर. ऑइलचे रिकामे डबे मागितले तर “भंगारात गेले सर” असं उत्तर मिळालं. काचेवर मात्र ‘पुढील ऑइल चेंज’चं स्टिकर आठवणीनं चिकटवलं होतं. घरी येऊन मालकपुस्तिका उघडली तर फिल्टरसकट इंजिनात मावणारं ऑइल बिलातल्या आकड्यापेक्षा लिटरभर कमी निघालं. उरलेलं लिटर कुठे गेलं, हे विचारायला फोन केला. ‘सांडतं थोडं’ म्हणाले. लिटरभर सांडत असेल तर त्या पिटमध्ये माणूस उभा राहू शकणार नाही, पण तेव्हा मी वाद वाढवला नाही.

काही आठवड्यांनी ब्रेक चरचरायला लागले म्हणून गाडी पुन्हा तिथेच नेली. या खेपेला पोरगा वेगळा होता. मी ब्रेकचं सांगतोय तोवर याने बॉनेट उघडलं, पट्टी काढली, टिश्यू पुढे केला. “सर, ऑइल संपलंय बघा तुमचं.” मी त्याला काचेवरचं स्टिकर वाचायला सांगितलं. त्याने ते वाचलं, आपल्याच गॅरेजचं नाव बघितलं आणि टिश्यू चुरगळून खिशात घातला. मेस्त्री धावत आले. “नवीन पोरगं हाय, त्याला काय कळतंय.” पोरगा नवीन असेल, पण टिश्यूचं शिक्षण पूर्ण झालेलं होतं.

तिथून गाडी काढली आणि मिरजेला एका मामांकडे नेली. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आता घराशेजारी थोडंफार काम करतात. त्यांनी पट्टी पुसली, बुडवली, पातळी बघितली. रंगाबद्दल अवाक्षर नाही. मग बॅटरी घेऊन पिटमध्ये उतरले आणि खालूनच हाक मारली, “सर, हिकडं या. मोबाईल घेऊन या.”

माझ्या गाडीचा ऑइल फिल्टर डब्यासारखा, बाहेरून बसणारा आहे. काही गाड्यांत झाकणाच्या आत नुसता कागदी फिल्टर असतो, तिथे असं काही दिसलं नसतं. आमच्या फिल्टरवर पांढऱ्या पेंटमार्करनं किलोमीटर लिहिलेले होते, आणि ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं आधीच्या सर्व्हिसिंगला लिहिलेले. म्हणजे फिल्टर जुनाच. त्याहून भारी गोष्ट मामांनी बोटानं दाखवली. इंजिनाच्या तळाला ऑइलचं चेंबर असतं, त्याचा ड्रेन बोल्ट काढून जुनं ऑइल खाली सोडतात. त्या बोल्टवर पावसाळ्यातला चिखल जसाच्या तसा वाळून बसला होता. पाना लागला असता तर तो कोपऱ्यांवरून तरी उडाला असता. मी चारी बाजूंनी फोटो काढले.

आता त्या काळ्या रंगाचं. डिझेल जळताना काजळी होते आणि तिचा काही भाग पिस्टन रिंगच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतो. चांगल्या ऑइलमध्ये अशी द्रव्यं घातलेली असतात की ती काजळीला इंजिनात थर करू देत नाहीत, ऑइलमध्येच तरंगत ठेवतात. म्हणून डिझेल गाडीचं नवं ऑइलही थोड्याच किलोमीटरमध्ये काळं दिसू लागतं. पेट्रोलमध्ये हे सावकाश होतं, पण होतंच. “काळं पडायचंच की,” मामा म्हणाले, “काळं पडलं म्हणून बदलायचं झालं तर एसटी रोज डेपोतच उभी करावी लागंल.” बोटांत चोळून ‘पातळ झालंय’ म्हणणारेही भेटतात. गरम इंजिनातलं कुठलंही ऑइल पातळच लागतं.

मग बदलायचं कधी? मालकपुस्तिकेत किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे असतात, त्यातला जो आधी भरेल तेव्हा. माझ्या गाडीला १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष आहे. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, तो तुमच्याच पुस्तिकेत बघा, शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका. गाडी दारात उभी राहिली तरी वर्षाची मुदत चुकत नाही. त्याच पुस्तिकेत कठीण वापरासाठी कमी अंतराची वेगळी नोंद असते, आणि मेस्त्रींच्या बोलण्यातलं जे थोडं खरं म्हटलं ते हेच. विश्रामबाग ते मार्केट यार्ड एवढीच रोजची फेरी असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ आणि न जळालेलं इंधन उडून न जाता ऑइलमध्ये साठतं. सतत धुळीचे रस्ते, गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत तासन् तास जाणं, गाडीला ओझं बांधून ओढणं, हेही त्यातच मोडतं. माझं चालवणं बहुतेक पेठ नाक्यावरून हायवेनं कराड-साताऱ्याकडे. एका वेगानं लांबचा पल्ला. इंजिनाला याहून सोपं काम नाही, आणि हे मेस्त्रींनी एकदाही विचारलं नाही.

मुदतीची वाट न बघण्याच्या वेळाही असतात. पट्टीवर ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट शिरलंय. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, तेव्हा पाण्यात बुडालेल्या गाड्यांमध्ये हे सांगलीकरांनी पुष्कळ पाहिलं. अशी गाडी स्टार्टसुद्धा करायची नसते, टो करूनच न्यायची. पातळी खालच्या खुणेखाली गेली तर भर घालावी आणि गळती शोधावी. उलट, न भरता पातळी वर चढत असेल तर ऑइलमध्ये डिझेल मिसळत असण्याची शक्यता असते. बीएस-६ डिझेल गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असतो. त्यांना पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचंच, कमी राख करणारं ऑइल लागतं. बॅरलमधलं सुटं ऑइल तिथे अजिबात चालू देऊ नका.

पट्टी स्वतः बघायला काही लागत नाही. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाचदहा मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून पुन्हा पूर्ण आत घालून काढायची, ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. हल्ली मी सीलबंद डबा आणि फिल्टर दुकानातून बिलासह घेतो, जुना फिल्टर डिकीत टाकून मागतो आणि रिकामा डबा तिथेच कापायला लावतो, कारण भंगारात गेलेल्या रिकाम्या डब्यांत बनावट ऑइल भरून ते परत विकायला येतात. मेस्त्री नाराज होतात. होऊ देत. इंजिन फ्लशही पुस्तिकेत सांगितलेला नसेल तर नको म्हणा.

फोटो घेऊन गॅरेजला गेलो तेव्हा मालक स्वतः बसले होते. फिल्टरचा फोटो बघून म्हणाले, पोरानं विसरला असेल. ड्रेन बोल्टचा बघून मात्र एकदम उजळले. “सर, आम्ही खालून सोडतच नाही. मशीननं वरून ओढून काढतो.” असं मशीन असतं, हे खरं आहे, पट्टीच्या नळीतून ऑइल खेचून काढतं. मी बिल पुढे केलं. मग ड्रेन वॉशर कुठे बसवला? बोल्टच काढला नाही तर वॉशर बदलणार कशाचा? यावर त्यांनी पोराला चहा सांगायला पाठवलं.

फिल्टर, वॉशर आणि फ्लशचे पैसे त्याच दिवशी परत मिळाले. ऑइलचे देईनात, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं. बिल पक्कं होतं म्हणून नोंद सोपी गेली. कच्च्या चिठ्ठीवर ‘ऑइल चेंज – पूर्ण’ एवढंच लिहून देणाऱ्यांकडून आयटमवार बिल मागून घ्या. न बसवलेल्या वॉशरची लबाडी मला पकडता आली ती त्या बिलामुळेच. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावायलाच हवा असंही नाही. मालक अजून मशीनवरच अडून बसलेत, तेव्हा तो अर्ज भरायला घेतलाय.