नेट-जेआरएफ की पुरातत्त्व सर्वेक्षणातील भरती?

पुरातत्त्वशास्त्रात एम. ए. झाल्यावर नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यावी की भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातील पदाची वाट पाहावी, हा पेच खरा आहे, कारण जागा मोजक्या आणि उमेदवार पुष्कळ.

संधीच्या बाबतीत नेट उजवी ठरते: ती साधारणपणे वर्षातून दोनदा होते, तर केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत निघणाऱ्या पुरातत्त्वज्ञांच्या जाहिरातींना ठरलेले वेळापत्रक नसते. उत्पन्नाचे म्हणाल, तर नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफमध्ये (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीत) २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पण ती शिष्यवृत्ती आहे, नोकरी नव्हे. सर्वेक्षणात स्थैर्य आहे, मात्र बदली देशात कुठेही होऊ शकते.

मला सर्वांत निर्णायक वाटतो तो क्षेत्रीय अनुभव. उत्खननात खापरांवर नोंदक्रमांक घालणे, खड्ड्याच्या भिंतीतील थर मोजून रेखाटणे अशी कामे केली असतील, तर उत्खनन-संचालकांच्या सहीचे, तारखांसह प्रमाणपत्र त्याच हंगामात मागून घ्यावे. पुढे ते मिळवणे जड जाते.

संशोधनाचा विषय मनात पक्का असलेल्यांनी, जेआरएफची तीस वर्षांची सर्वसाधारण वयोमर्यादा ध्यानात ठेवून, नेटला प्राधान्य द्यावे. उत्खनन आणि स्मारकांचे जतन यांतच ज्यांचा जीव रमतो, त्यांनी अनुभव जोडत सर्वेक्षणाची तयारी करावी. घर चालवण्याची जबाबदारी असलेल्यांनी मात्र केवळ जाहिरातीच्या भरवशावर राहू नये.