बंद कॅप्सूल घ्यावी की उघडणारा डबा?

आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, बोअरच्या पाण्यावर आरओ मशीन असलं, की आधी गाळ अडवणारा फिल्टर लागतोच. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक बंद कॅप्सूल, म्हणजे इनलाइन फिल्टर; भरला की फेका. दुसरा प्लास्टिकचा डबा, आत १० इंची, ५ मायक्रॉनची (इतके बारीक कण अडवणारी) स्पन कँडल, म्हणजे तंतूंची गाळणारी कांडी.

कॅप्सूल बदलायला पाना लागत नाही. पाणी बंद करा, नळ्या काढा, नवी बसवा. अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेनं हवा, एवढंच. सुरुवातीचं थोडं पाणी सोडून द्या. पण आत किती गाळ साचला ते दिसत नाही. मशीनची धार बारीक झाली की मग शंका येते. म्हणून बसवल्याची तारीख मार्करनं तिच्यावरच लिहायची. धुऊन, उलटं पाणी मारून पुन्हा वापरणारे लोक पाहिलेत. तसली काटकसर नको.

डबा पारदर्शक घ्या. पांढरी कँडल चहाच्या रंगाची झालेली घरातलं पोरही ओळखतं, आणि फेकायची ती फक्त कँडल. गोम आहे ओ-रिंगमध्ये, म्हणजे डब्याच्या जोडातून पाणी गळू न देणाऱ्या रबरी कडीत. एकदा माझी खाचेतून सरकली, डबा रात्रभर ठिबकला, सकाळी खालच्या ज्वारीच्या पोत्याचं बूड ओलं.

पावसाळ्यात गढूळ पाणी येत असेल तर मी डबाच घेईन. दर खेपेला अख्खी कॅप्सूल फेकणं परवडत नाही. मशीनच्या आत, अडचणीच्या जागी मात्र कॅप्सूल बरी. खारेपणा दोन्हींनी जात नाही, फ्लोराइडही नाही. ते काम मेम्ब्रेनचं, म्हणजे आरओ मशीनमधल्या अतिबारीक छिद्रांच्या पडद्याचं.